नकार नोंदवला आहे

पेणच्या घरापुढे कॅम्परचं दार ओढून घेऊन मिलिंद कारखानीस चालकाच्या खुर्चीत बसले, पट्टा लावला, आणि मागून फ्रीजने विचारलं, "आज प्रवासात मला कशावर चालवायचं?"

हा प्रश्न तो दर खेपेला विचारायचा. फिरत्या घरातला फ्रीज म्हणजे वार लावून जेवणारा विद्यार्थी. आज कोणाकडे जेवायचं हे सकाळीच ठरवावं लागतं. गाडी उभी असली की तो गॅसच्या बारीक ज्योतीवर चाले, पण चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवायला बंदी होती, आणि ती रास्तच होती. टपावर सौरपत्रा होता. त्याची वीज घरबॅटरीत साठे आणि दिवे, पंखा, फ्रीज तिच्यावर चालत. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी, तिला सगळे चाकबॅटरी म्हणत. फ्रीज तिच्यावरही चालला असता, पण मग गाडीचा पल्ला थोडा कमी होई.

चौथा मार्ग नवा होता, जेमतेम चार वर्षांचा. भरलेला ट्रक उतारावर वेग आवरतो तेव्हा त्याच्या चाकांतूनच वीज तयार होते. बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज फुकट जाते. म्हणून ट्रकांच्या शेपटाकडे एक रुंद पट्टी बसवली होती. मागून येणारी गाडी तीन मीटरच्या आत राहिली की तिच्या नाकातल्या वेटोळ्यात ही वीज तारेवाचून उतरे. फार नाही, एखादा फ्रीज निघेल इतकीच, आणि एका ट्रकामागे एकाच गाडीला. या व्यवस्थेला नाव दिलं होतं सोबतपट्टी. लोक नुसतं 'सोबत' म्हणत.

"घरबॅटरी नाही का पुरणार?" त्यांच्या बायकोने, रश्मीने विचारलं.

"टपावर झोपाळा बांधलाय ना आपण. सौरपत्रा झाकला गेलाय सगळा."

झोपाळा म्हणजे सागवानाची साडेपाच फुटी फळी आणि पितळी कड्या. नागपूरला तन्वीच्या, म्हणजे मुलीच्या गॅलरीत टांगायचा होता. तो आदल्या संध्याकाळी कारखानिसांनी स्वतः दोरीने आवळून बांधला होता, आणि स्वतः बांधलेली गाठ सोडणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आडवा करून आत पलंगावर ठेवू या की," रश्मी म्हणाली.

"आणि मग दुपारी मी पाठ कुठे टेकू? झोपाळ्यावर?" कारखानिसांनी फ्रीजकडे वळून विचारलं, "चाकबॅटरीवर चाललास तर नागपूरपर्यंत किती पल्ला खाशील?"

"सुमारे सात किलोमीटर."

सात किलोमीटर म्हणजे वाटेतल्या चार्जिंगला फार तर तीन-चार मिनिटं जास्त. पण कारखानिसांची सगळी नोकरी वीजखात्यात गेली होती. गळती शोधणं हेच काम. अंगात मुरलेली ती चिकाटी निवृत्तीनंतर चिक्कूपणात उतरली आहे असं रश्मीचं मत होतं, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

"महामार्गावर ट्रकांना काय तोटा आहे? सोबतीवर चाल," ते म्हणाले.

फ्रीजमध्ये मीठ-हळद लावलेली बारा पापलेटं होती आणि दोन मोठे डबे भरून बिरडं. वाल भिजवायचे, मोड काढायचे, एकेक दाणा सोलायचा. रश्मीने तीन दिवस दुसरं काही केलं नव्हतं. तन्वीच्या लग्नात विहीणबाई बोलून गेल्या होत्या, "बिरडं म्हणजे आमची उसळच ना?" कारखानिसांच्या घरात हे वाक्य तीन वर्षं जपून ठेवलेलं होतं. आज रात्रीच्या जेवणाला त्याचं उत्तर द्यायचं होतं. उकाड्यात मोड वाढले की बिरडं उग्र लागतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

घाट चढून ते नागपूरच्या महामार्गाला लागले. इथे गाडी स्वतःच चाले, चालकाने फक्त जागं राहायचं. शिर्डीच्या पुढे कागदाची रिळं नेणारा एक अठरा चाकी ट्रक मिळाला, तो थेट नागपूरला निघालेला. कॅम्पर त्याच्या मागे जाऊन चिकटली. "सोबत जोडली आहे," असं गोड आवाजात ऐकू आलं आणि फ्रीज समाधानाने घुरघुरायला लागला.

"बघितलंस?" कारखानीस म्हणाले.

"बघितलं," रश्मी म्हणाली.

जालना मागे पडलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि बाहेर पंचेचाळीस अंश होते. बाजूच्या मार्गिकेत एक पांढरी जुनी व्हॅन येऊन त्यांच्या बरोबरीने चालायला लागली. मूळची डिझेलची असावी, तिला मागाहून बॅटरी बसवलेली दिसत होती. नाकावर सोबतीचं वेटोळं मात्र होतं, दोन पट्ट्यांनी आवळून बांधलेलं.

"शेजारच्या गाडीकडून विजेची विचारणा आहे," सोबत म्हणाली. "आपलं बोलणं जोडून देत आहे."

एका बाईचा आवाज आला. "नमस्कार भाऊ. आमच्या फ्रीजची बॅटरी जरा उतरली हाये. थोडं भेटलं असतं त बरं झालं असतं. पण तुमची अडचण असंन त राहू द्या."

"छे हो, अडचण कसली?" कारखानीस म्हणाले. "घ्या ना तुम्ही. आम्ही होतो बाजूला."

हे ते ज्या सुरात म्हणाले तो सूर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दारात उभ्या पाहुण्याला 'जेवूनच जा ना' म्हणावं आणि हात मात्र कडीवर असावा, तो सूर.

"नाई नाई, राहू द्या भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमी आधीपासून जोडले हा. आमचं काय, होऊन जाईन."

त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळला. ते 'नाई' म्हणजे पहिलं 'नाही' होतं. वाढायला आलेल्याला आपण ताटावर हात आडवा धरून म्हणतो ते. त्यानंतर वाढणाऱ्याने 'असं कसं, घ्याच' म्हणायचं असतं, मग दुसरं जरा मऊ 'नाही' येतं आणि तिसऱ्यांदा माणूस हात बाजूला घेतो. पेण असो की अकोला, हे कोणी कोणाला शिकवत नाही. कारखानिसांना ते लख्ख कळलं. 'घ्याच' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता.

तेवढ्यात सोबत म्हणाली, "नकार नोंदवला आहे. आपला पुरवठा चालू राहील." आणि बोलणं तुटलं.

"अरे मिलिंद, परत विचार ना," रश्मी म्हणाली. "त्या नुसत्या भिडेपोटी 'नाही' म्हणाल्या."

"आता लाईन पुन्हा जोडत नाही ते. आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणाल्या ना?"

"लाईन कशाला हवी? आपण बाजूला झालो की त्या शिरतील. फ्रीज चाकबॅटरीवर टाक."

"मोठी गरज असती तर सांगितलं नसतं का त्यांनी? काकड्या-टोमॅटो असतील. आणि तुझं बिरडं?"

बिरड्याचं नाव निघाल्यावर रश्मीही बोलली नाही. पांढरी व्हॅन हळूच मागे सरकली आणि कॅम्परच्या पाठीमागे आली. मागचा रस्ता दाखवणाऱ्या पडद्यावर ती दिसत राहिली. जवळ नाही, लांबही नाही. कारखानिसांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग पडद्याचा उजेड कमी केला. पुष्कळ वेळाने त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा व्हॅन दिसत नव्हती आणि त्यांना हायसं वाटलं. वाटलं, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं. त्या क्षणी ते रश्मीला म्हणाले की ऊन फार आहे.

वर्ध्याच्या अलीकडच्या चार्जिंग स्थानकावर त्यांनी कॅम्पर लावली. ट्रक पुढे निघून गेला. चार्जिंग पुरं होत आलं, चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि ती पांढरी व्हॅन आत आली.

पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. छातीशी ओल्या पंचात गुंडाळलेली, डब्याएवढी पांढरी पेटी. त्या जवळजवळ धावतच टपरीकडे गेल्या. "दादा, बर्फ भेटंन का? कितीही द्या." टपरीवाल्याने हात हलवला. बर्फ नव्हता, थंडपेयांचं कपाटही दुपारपासून बंद पडलं होतं. बाई तिथेच उभ्या राहून इकडेतिकडे बघायला लागल्या. कारखानिसांनी तो आवाज ओळखला होता. ते खुर्चीतून उठले नाहीत. उठली ती रश्मी.

"ताई, काय आहे त्यात?"

"माह्या पोरीचे डोये हायेत," बाई म्हणाल्या.

त्यांचं नाव रंजना तायडे, राहणार अकोला. मुलगी मयूरी तेवीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. वर्षभरात तिची दृष्टी कडेकडेने विझत मध्यापर्यंत आली होती. तिच्याच रक्तातून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवल्या होत्या. त्याला सात आठवडे लागले. पेशी आज नागपूरच्या रुग्णालयात पोचल्या की उद्या सकाळी शस्त्रक्रिया. प्रयोगशाळा अशी पेटी घरच्या माणसाच्याच हातात देते. दोन ते आठ अंशांत ठेवायची, एवढंच सांगते. पेटीला स्वतःची बॅटरी दोन तासांची, बाकी व्हॅनमधल्या फ्रीजवर भिस्त. त्या फ्रीजची बॅटरी जालन्याच्या अलीकडे फुगून मेली होती, आणि जुन्या व्हॅनमध्ये चाकबॅटरीला फ्रीज जोडायची सोयच नव्हती.

पेटीवर छोटा आकडा होता. तेरा. त्याच्या शेजारची निळी रेघ तांबूस व्हायला लागली होती.

रश्मीने पुढचं काही विचारलं नाही. ती कॅम्परमध्ये शिरली, बिरड्याचे दोन्ही डबे आणि पापलेटांची परात उचलून तिने टपरीच्या फळीवर ठेवली. "तुम्हाला घ्या, नाहीतर कोणाला द्या," ती टपरीवाल्याला म्हणाली आणि पेटी फ्रीजच्या मधल्या खणात बसवली.

"मला कशावर चालवायचं?" फ्रीजने विचारलं.

"चाकबॅटरीवर," कारखानीस म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच चोरासारखा वाटला. पडद्यावरचा पल्ला दोन किलोमीटरने कमी झाला. नागपूर जवळ आलं होतं म्हणून दोनच.

"ताई, आमच्याच गाडीत बसा," रश्मी रंजनाबाईंना म्हणाली. "तुमच्या गाडीला चार्ज व्हायला दोन तास जातील."

"कायले उगाच तुमाले तरास..."

"बसा," रश्मी म्हणाली. "मी ऐकणार नाहीये." तिने त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

वाटेत रंजनाबाई पेटीवरचा आकडा बघायला दर पाच मिनिटांनी उठत होत्या. बारा. अकरा. मध्ये कधीतरी त्या रश्मीशी बोलल्या. "पुढं दोन ट्रक भेटले होते ताई. दोन्हीमांगं कोणी ना कोणी होतंच. एक डाव नाई म्हणून बसली होती, मंग पुन्हा कोणाले मांगाची हिंमतच नाई झाली. आपलं रडगाणं अनोळखी माणसाले कसं सांगाव?" कोणत्या गाडीला नाही म्हटलं ते त्या बोलल्या नाहीत. कॅम्परच्या टपावरचा झोपाळा लांबूनही ओळखू येत होता, तेव्हा त्यांना ते कळलं नसेल असं मानणं कठीण होतं.

कारखानीस समोर रस्त्याकडे बघत बसले होते. गाडी स्वतः चालत होती, त्यामुळे हातांना काही काम नव्हतं आणि डोकं मोकळं होतं. त्यात ते सहा वर्षांपूर्वीचं बैठकीचं दालन आलं. सोबतपट्टीचे नियम ठरवणाऱ्या समितीत ते होते. गाडीत काय सामान आहे ते कोणी विचारायचं नाही, तो ज्याचा त्याचा खासगी मामला, हे ठरलं. मग प्रश्न निघाला की समोरच्याने वीज नको म्हटलं तर पुढे काय. यवतमाळची धनश्री बोबडे नावाची भाषेची अभ्यासक होती, समितीत सगळ्यांत लहान. ती म्हणाली होती, "सर, आपल्याकडे पहिलं 'नाही' म्हणजे 'नाही' नसतं. निदान तीनदा विचारायला हवं."

"यंत्राला काय पंगतीत वाढायला उभं करायचंय?" कारखानीस म्हणाले होते. सगळे हसले होते. धनश्रीही हसली होती, बिचारी. नियम झाला: प्रश्न एकदा, उत्तर अंतिम, दोघांमधली लाईन पुन्हा जोडायची नाही. त्याने प्रत्येक व्यवहारातले चाळीस सेकंद वाचत होते. अहवालात तो आकडा कारखानिसांनी स्वतः ठळक करून घेतला होता.

पण लाज त्या नियमाची वाटत नव्हती. ती वाटली असती तर सोपं होतं. चार लोकांसमोर चूक कबूल करता येते, नियम दुरुस्तही करता येतो. जालन्याच्या पुढे रस्त्यावर समिती नव्हती. तिथे ते होते आणि त्यांनी पडद्याचा उजेड कमी केला होता.

नागपुरात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. पेटीवर सहाचा आकडा होता, पण रेघ तांबूसच राहिली होती. ती रेघ पुन्हा निळी होत नाही, असं रंजनाबाईंना पुण्यातच सांगितलेलं होतं. रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी रेघ पाहिली आणि पेटी दोन्ही हातांनी घेतली.

"किती वेळ आठच्या वर होती?"

"दीड तास असंन," रंजनाबाई म्हणाल्या.

"काही पेशी गेल्या असतील. किती उरल्या ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. सकाळपर्यंत थांबा."

"नवीन बनवता येतील ना?" कारखानिसांनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नातेवाईक समजून पाहिलं. "बनवता येतील. पण सात आठवडे तिचा डोळा थांबेल का, ते मला सांगता येत नाही."

पेटी आत गेली. तन्वीचा दोनदा फोन येऊन गेला होता. विहीणबाई येऊन बसल्या आहेत, ताटं घ्यायची का? रश्मी बोलायला खाली गेली. जाताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "मीही गप्प बसले होते. पण सांगायचं तुला आहे."

लाकडी बाकावर रंजनाबाई पदर आवळून बसल्या होत्या. ओला पंचा अजून मांडीवर होता. कारखानीस त्यांच्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"ताई, जालन्याच्या पुढे ट्रकामागे होती ती गाडी आमचीच."

"ठाव हाये," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोलला का नाही मग?"

"तुमी आनलं ना इथपर्यंत. काय बोलाव?"

कारखानीस पुढे म्हणाले, "तो एकदाच विचारायचा नियमही मीच करून घेतला होता. समितीत. एक मुलगी सांगत होती की तीनदा विचारा. मी चेष्टा केली तिची." बोलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण अजूनही यंत्राच्या आडच उभे आहोत. आपण केलेलं असलं तरी ते यंत्रच.

रंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मशीनीचं सोडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी कधी पाहुना आला नाई, तिले काय समजते? मी नाई म्हटलं ते कसं म्हटलं, तुमाले समजलं होतं का?"

समोरच्या दाराच्या काचेतून आतली माणसं वाकून काहीतरी मोजताना दिसत होती. 'नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं. कोणी ते नोंदवूनही घेतलं असतं.

"समजलं होतं," कारखानीस म्हणाले.

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मांडीवरच्या पंचाची घडी घालत त्यांनी साधं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

"मंग मी अकरा किलोमीटर तुमच्या मांगंच होती, भाऊ. तुमी अजून एक डाव म्हनसान म्हनून. तेवढ्या येळात तुमी काय इचार करत होते?"